मोजणाराची मोजणी

‘द मिसमेझर ऑफ मॅन’ : लेखक, स्टीफन जे गूल्ड. न्यूयॉर्क, १९८१; सुधारून वाढविलेली आवृत्ति, १९९६.

प्रो. गूल्ड यांचा हा ग्रंथ प्रसिद्ध होऊन चाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं, आणि खुद्द ग्रंथकारहि २००२ सालीं निवर्तले. अशा ग्रंथाचें परीक्षण आतां कशाला, असें वाचक विचारतील. आमचें उत्तर इतकेंच कीं, या ग्रंथानें जो खटला उभा केला त्यांत पुढें फिर्यादीचीच तपासणी झाली. आणि ती कशी झाली हें ठाऊक नसतांना हा ग्रंथ वाचणारे, इतरांस वाचावयास सांगणारे, आणि त्यांतील कवट्यांच्या प्रकरणाचा दाखला व्याख्यानांतून देणारे लोक महाविद्यालयीन जगांत आजहि पुष्कळ आहेत. शास्त्रज्ञ मोजावयास बसतो तेव्हां त्याच्या मनांतील ग्रह त्याच्या हाताला वळण लावतो काय, हा गूल्ड यांचा प्रश्न. शास्त्रज्ञाचे दोष काढणारा टीकाकार मोजावयास बसतो तेव्हां काय होतें, हा त्यानंतर उत्पन्न झालेला प्रश्न. हे दोन्ही प्रश्न शेजारीं शेजारीं ठेवल्याखेरीज या ग्रंथाची खरी योग्यता कळावयाची नाहीं.

ग्रंथकार हार्वर्ड विद्यापीठांत भूशास्त्राचे व प्राचीन जीवांच्या अवशेषांचे अध्यापक होते. वेस्ट इंडीज बेटांतील भूचर गोगलगाईंचे शंख गोळा करून त्यांचीं निरनिराळीं मापें घेणें व त्या मापांवर गणिताचे संस्कार करणें हा त्यांच्या नित्याच्या व्यवसायाचा भाग होता. म्हणजे मोजमापावर लिहिणारा हा मनुष्य नुसता तत्त्वचिंतक नव्हे. मोजपट्टी हातांत धरलेला आहे. ग्रंथाचें नांव प्रोटॅगोरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या प्रसिद्ध वचनावर कोटी करून बनविलेलें आहे. मनुष्य हेंच सर्व वस्तूंचें माप, असें तो म्हणाला. गूल्ड म्हणतात, त्या मापालाच आम्हीं चुकीचें मोजलें. ‘मिसमेझर’ या शब्दाला आपल्या भाषेंत नेमका प्रतिशब्द नाहीं. बाजारांत ‘मापांत मारणें’ म्हणतात त्याची छटा या शब्दांत थोडीबहुत आहे. मात्र मापांत मारणारा वाणी तें जाणूनबुजून करतो, आणि गूल्ड यांचा सारा भर न जाणतां होणाऱ्या मापचोरीवर आहे.

ग्रंथाचा विषय थोडक्यांत असा : माणसाची बुद्धि ही एकच वस्तु आहे, ती एका आंकड्यानें सांगतां येते, त्या आंकड्यावरून माणसांची आणि मानवसमूहांची उतरंड लावतां येते, व ही उतरंड जन्मसिद्ध असून पालटतां येत नाहीं, हा जो समज एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत पाश्चात्य देशांत बळावला, त्याचा इतिहास व त्याचें खंडन. एकोणिसाव्या शतकांत हा समज कवट्या मोजून सिद्ध करीत. विसाव्यांत प्रश्नपत्रिका देऊन. गूल्ड यांनीं दोहोंचा समाचार घेतला आहे.

कवट्यांच्या कथेचा नायक, किंवा खरें म्हणजे प्रतिनायक, फिलाडेल्फियाचा डॉक्टर सॅम्युएल जॉर्ज मॉर्टन. हा १८५१ सालीं वारला तेव्हां त्याच्या संग्रहीं एक हजारांच्या आसपास कवट्या होत्या. कवटीचीं भोंकें बुजवून तिच्यांत मोहरीचे दाणे भरावयाचे, मग ते दाणे मोजपात्रांत ओतून कवटींतील पोकळी किती घनइंच आहे तें पाहावयाचें, अशी त्याची पद्धति. १८३९ सालच्या आपल्या पहिल्या मोठ्या ग्रंथांत त्यानें सरासऱ्या दिल्या त्या अशा : गौरवर्णीयांची ८७ घनइंच, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची ८२, आफ्रिकेच्या लोकांची ७८. परंतु दाणे हलके आणि लहानमोठे असल्यामुळें एकच कवटी दोनदां भरली असतां दोन मापांत चार चार घनइंचांचा फरक पडे. हें त्याच्या स्वतःच्याच ध्यानांत आलें, व पुढें त्यानें दाण्यांऐवजीं अष्टमांश इंच जाडीचे शिशाचे छर्रे घेतले. या छऱ्र्यांच्या मापांत एका घनइंचाहून अधिक तफावत पडत नसे. एवढ्यापुरता मॉर्टन हा आपल्या काळच्या पुष्कळांपेक्षां अधिक काळजी घेणारा मोजणारा होता हें कबूल केलें पाहिजे. आणि त्यानें प्रत्येक कवटीचें माप पृथक् पृथक् छापून ठेवलें, ही गोष्ट तर, पुढें दिसेल त्याप्रमाणें, या सर्व प्रकरणांत अत्यंत महत्त्वाची ठरली.

येथें आपल्याकडील वाचकांनीं क्षणभर थांबावें असें एक स्थळ आहे. मॉर्टनच्या वर्गवारीप्रमाणें हिंदु लोक गौरवर्णीयांच्याच वर्गांत पडत. त्याच्याजवळ हिंदूंच्या सतरा कवट्या होत्या व त्यांची सरासरी अवघी ७५ घनइंच भरली. म्हणजे आफ्रिकेच्या सरासरीहूनहि तीन घनइंच कमी. तेव्हां त्यानें काय केलें? सतरांपैकीं तीनच कवट्या हिशेबांत धरल्या आणि चौदा बाहेर ठेवल्या. आणि तसें केल्याचें त्यानें ग्रंथांत उघड नमूदहि केलें आहे. त्या बावन्न कवट्यांत या चौदा मिळवून कोणीहि साधा त्रैराशिक जाणणारा हिशेब करून पाहील तर ८७ ची सरासरी साडेचौऱ्यांशींच्या जवळपास उतरते. उलट अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची सरासरी काढतांना पेरू देशांतील लहान डोक्याचे लोक मोठ्या संख्येनें होते त्यांस वगळावें असें त्याच्या मनांत आलें नाहीं. लहान हिंदु वगळावयाचे आणि लहान पेरूवासी ठेवावयाचे. या एका उदाहरणांत गूल्ड यांचें सारें प्रतिपादन सामावलेलें आहे, व तें आम्हांस निरुत्तर करणारें वाटतें. दुसरें उदाहरण याहूनहि उघड. मोठ्या शरीरास मोठी कवटी असावयाचीच. पुरुषांचीं शरीरें सामान्यतः स्त्रियांहून मोठीं. असें असतां मॉर्टनच्या हॉटेंटॉट कवट्या होत्या तीन, त्या तिन्ही स्त्रियांच्या. आणि इंग्रजांच्या सर्व पुरुषांच्या. येथें दाणे बरोबर भरले कीं चुकीचे भरले हा प्रश्नच उरत नाहीं. स्त्री व पुरुष यांची तुलना करून तिला वंशांची तुलना म्हटलें, एवढेंच झालें.

गूल्ड येथेंच थांबते तर त्यांच्या लेखनास बाध आला नसता. परंतु त्यांनीं आणखी एक पाऊल टाकलें. दाण्यांचीं मापें व छऱ्र्यांचीं मापें यांची त्यांनीं तुलना केली तेव्हां त्यांस आढळलें कीं, छर्रे वापरल्यावर सर्वच सरासऱ्या वाढल्या. पण गौरवर्णीयांची वाढ १.८ घनइंच, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची २.२, आणि आफ्रिकेच्या लोकांची ५.४. ही वाढ असमान कां? गूल्ड यांनीं याचें उत्तर एका चित्रानें दिलें. मॉर्टन आपल्या टेबलापाशीं बसला आहे. हातांत आफ्रिकेच्या माणसाची मोठी कवटी आली कीं ती हलक्या हातानें भरतो व नांवापुरती हलवितो. गोऱ्या माणसाची लहान कवटी आली कीं खूप हलवितो आणि वरून अंगठ्यानें दाणे दाबतो. हें सर्व नकळत. चित्र इतकें ठसठशीत आहे कीं एकदां वाचलेला मनुष्य तें विसरत नाहीं. आणि आमचा अनुभव असा कीं, हा ग्रंथ वाचलेल्या बहुतेकांना शेवटीं तेवढें चित्रच आठवतें. हिंदूंच्या चौदा कवट्या त्यांना आठवत नाहींत.

आणि हें चित्रच ग्रंथाचा सर्वांत दुबळा भाग आहे. तो अंगठा कोणी पाहिलेला नव्हता. गूल्ड यांनीं तें अनुमान म्हणूनच मांडलें आहे हें खरें. पण ललित लेखकाच्या कुशलतेनें रंगविलेलें अनुमान वाचकाच्या मनांत पुराव्याची जागा घेतें, हें त्यांच्यासारख्या लेखनपटु माणसास समजावयास हवें होतें. शिवाय त्यांनीं स्वतः एकहि कवटी मोजली नाहीं. मॉर्टनचे छापील आंकडे घेऊन त्यांवर काम केलें. कवट्या तर फिलाडेल्फियांतच होत्या.

२०११ सालीं सहा संशोधकांनीं त्या संग्रहांतील तीनशें आठ कवट्या पुन्हा मोजल्या. त्यांनीं दाणे व छर्रे न वापरतां एकसारख्या कृत्रिम गोळ्या घेतल्या. निष्कर्ष असा निघाला कीं, मॉर्टनच्या छऱ्र्यांच्या मापांत चुका फार थोड्या आहेत आणि ज्या आहेत त्या त्याच्या ग्रहाच्या दिशेनें झुकलेल्या नाहींत. वर्तमानपत्रांनीं लगेच बातमी दिली कीं मॉर्टन निर्दोष व गूल्ड दोषी. पण येथेंहि घाई झाली. २०१४ सालीं मायकेल वाइसबर्ग या तत्त्वज्ञानाच्या अध्यापकानें दाखवून दिलें कीं, छऱ्र्यांचीं मापें विश्वसनीय आहेत असें गूल्ड स्वतःच म्हणत होते. त्यांचा आक्षेप दाण्यांच्या मापांवर होता, आणि नव्या मोजणीनें छऱ्र्यांचीं मापें बरोबर ठरलीं म्हणून तो आक्षेप खोटा ठरत नाहीं. वकील ज्या कलमाखालीं फिर्याद करतो तें सोडून भलत्याच कलमावर निकाल द्यावा तशांतला हा प्रकार. त्यानंतर २०१८ सालीं पॉल मिचेल या तरुण संशोधकानें मॉर्टनच्या हातचीं दाण्यांचीं जुनीं टिपणें शोधून काढलीं, आणि प्रत्येक कवटीचें दाण्याचें माप तिच्याच छऱ्र्याच्या मापाशीं ताडून पाहिलें. त्यांत गूल्ड यांनीं कल्पिलेला अंगठा आढळला नाहीं. गूल्ड यांस ज्या असमान वाढीचें आश्चर्य वाटलें ती निरनिराळ्या कवट्यांच्या समूहांची तुलना केल्यानें दिसली होती.

परंतु मिचेलचा लेख येथें संपत नाहीं, आणि आमच्या मतें त्याचा खरा मोलाचा भाग पुढेंच आहे. मॉर्टनच्याच काळीं हायडेलबर्ग येथें फ्रीडरिख टीडेमान नांवाचा शरीरशास्त्रज्ञ कवट्या मोजीत होता. तो बाजरीसारखे बारीक दाणे भरी व त्यांचें वजन करी. त्याचा लेख १८३६ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केला. त्याचीं मापें मॉर्टनच्या मापांहून फारशीं निराळीं नव्हतीं. परंतु टीडेमाननें सरासरीवर भर न देतां प्रत्येक समूहांतील सर्वांत लहान व सर्वांत मोठी कवटी पाहिली. सर्व समूह एकमेकांवर चढलेले आहेत असें त्यास दिसलें. आणि त्यावरून त्यानें गुलामगिरीच्या विरुद्ध निष्कर्ष काढला. मॉर्टननें सरासरी पाहिली, आणि त्याचे अनुयायी गुलामगिरीचे पुरस्कर्ते झाले. तेच दाणे, जवळजवळ तींच मापें, आणि निष्कर्ष परस्परांच्या उलट.

याचा अर्थ आम्हीं असा करतों. मोजमापांत तीन ठिकाणीं दोष शिरूं शकतो : मोजणाराच्या हातांत, कोणास मोजावयाचें या निवडींत, आणि काय मोजलें असें समजावयाचें या नांवांत. हाताचा दोष सर्वांत नाट्यमय, परंतु सर्वांत सहज सुधारणारा. दुसऱ्या कोणीतरी पुन्हा मोजलें कीं तो उघडा पडतो. निवडीचा दोष त्याहून खोल, कारण तोच माल पुन्हा मोजून तो सांपडत नाहीं. मॉर्टनच्या कवट्या जगांतील कोणत्याहि लोकांचा प्रामाणिक नमुना नव्हत्या. ज्या मिळाल्या त्या, कित्येक तर थडगीं उकरून आणलेल्या. त्यांची सरासरी कशीहि काढली, गूल्ड यांच्या पद्धतीनें काढली काय किंवा मॉर्टनच्या, ती कशाचीच सरासरी नव्हे, असें कॅप्लन, पिल्यूची व बँटा यांनीं २०१५ सालीं म्हटलें तें आम्हांस पूर्ण मान्य आहे. गूल्ड यांनीं मॉर्टनच्या आंकड्यांची दुरुस्ती करून सर्व वंश सुमारें सारखेच आहेत असें दाखविण्याचा जो खटाटोप केला तोहि त्यामुळें व्यर्थ ठरतो. कारण दुरुस्त केलेली सरासरी सम निघाली म्हणून समता सिद्ध होत असेल, तर उद्यां ती विषम निघाली तर काय करावयाचें? माणसांची समानता घनइंचांच्या हवालीं करणें हें टीकाकारानेंहि करूं नये.

हाताच्या दोषाची खरी सुंदर उदाहरणें ग्रंथांत आहेत. पण त्यांकडे वाचकांचें लक्ष कमी जातें. १९०६ सालीं बीन नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें मेंदूच्या दोन अर्धांस जोडणाऱ्या भागाचीं मापें घेऊन काळ्या व गोऱ्या माणसांच्या मेंदूंत स्पष्ट भेद आहे असें जाहीर केलें. त्याचे गुरु फ्रँकलिन मॉल यांस संशय आला. त्यांनीं १९०९ सालीं तेच व दुसरेहि मेंदू पुन्हा मोजले; मात्र कोणता मेंदू कोणाचा हें मोजून होईपर्यंत स्वतःपासून लपवून ठेवलें. भेद नाहींसा झाला. शिष्याचा लेख गुरूनें अशा रीतीनें खोडून काढावा, यांत शास्त्राच्या शीलाचें जें दर्शन होतें तें अंगठ्याच्या काल्पनिक चित्रांत होत नाहीं. त्याहून हृद्य हकीकत आल्फ्रेड बीने याची. बुद्धीची परीक्षा घेण्याची पद्धति १९०५ सालीं ज्यानें तयार केली तो हाच. त्यापूर्वीं तोहि हुशार व मठ्ठ मुलांचीं डोकीं मोजीत असे. फरक एखाद्या मिलिमीटरचा निघे. मग त्यास स्वतःचीच भीति वाटूं लागली. मठ्ठ मुलाचें डोकें लहान असावें ही आपली अपेक्षाच आपल्या हातून माप कमी करवीत नसेल ना? त्यानें हा संशय मनांत ठेवला नाहीं, स्वतःवर व आपल्या सहकाऱ्यावर प्रयोग करून तपासला, खरा निघाला तसा छापला, आणि डोकीं मोजण्याचा नाद सोडून दिला. पॉल ब्रोका या विख्यात फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाची वृत्ति नेमकी उलट. त्याचे आंकडे बिनचूक. परंतु हाताच्या दोन हाडांच्या लांबीचें प्रमाण हें उच्चनीचतेचें लक्षण म्हणून त्यानें घेतलें आणि त्यावरून एस्किमो गोऱ्यांच्या वर चढले, तेव्हां त्यानें एस्किमोंविषयींचें मत न बदलतां लक्षणच सोडून दिलें.

बीनेची परीक्षा शाळेंत मागें पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांस साहाय्य करावें या हेतूनें होती. ती अमेरिकेंत गेल्यावर तिचें काय झालें, पहिल्या महायुद्धांत साडेसतरा लाख शिपायांची परीक्षा कशी घेण्यांत आली, नुकत्याच आलेल्या इटालियन शेतकऱ्यास टेनिसच्या मैदानाचें चित्र दाखवून त्यांत काय उणें आहे तें काढावयास कसें सांगितलें, आणि त्यास जाळें काढतां आलें नाहीं म्हणून तो जन्मतः मंद कसा ठरला, हा सर्व भाग वाचकांनीं मुळांतूनच वाचावा. तो करमणूक करतो आणि मग अस्वस्थ करतो. आम्ही त्याचा सारांश देत नाहीं.

ग्रंथाचा गाभा आमच्या मतें सहाव्या प्रकरणांत आहे, आणि तें प्रकरण कठिण असल्यामुळें तेंच सर्वांत कमी वाचलें जातें. विषय असा. एका वर्गांतील पन्नास विद्यार्थ्यांनीं आठ विषयांची परीक्षा दिली अशी कल्पना करा. परीक्षकाचें काम केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे कीं, गणितांत ज्यास बरे गुण त्यास संस्कृतांतहि सामान्यतः बरे गुण असतात. चार्ल्स स्पिअरमन या पूर्वी सैन्यांत अधिकारी असलेल्या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें १९०४ सालीं अशा कोष्टकांवर गणित चालवून सांगितलें कीं, या सर्व गुणांच्या बुडाशीं एकच सामान्य बुद्धि आहे, आणि ती इतकी इतकी आहे. गूल्ड यांचा आक्षेप असा कीं, हें गणिताचें प्रतिमान आहे, वस्तु नव्हे. तेंच कोष्टक निराळ्या रीतीनें मांडतां येतें. थर्स्टन यानें पुढें तसें केलें, तेव्हां ती एकच बुद्धि मावळून सात निरनिराळ्या शक्ति निघाल्या. कोष्टक दोन्ही मांडण्यांना सारखेंच राजी. मग त्यांतील कोणती मांडणी मेंदूंत खरोखर आहे हें कोष्टक कसें सांगणार? याच संदर्भांत त्यांनीं एक मार्मिक उदाहरण दिलें आहे. ग्रंथकाराचें वय, मेक्सिकोची लोकसंख्या, स्विस चीजचा भाव, त्यांच्या पाळीव कासवाचें वजन आणि आकाशगंगांमधील सरासरी अंतर, हीं सर्व गेल्या दहा वर्षांत वाढत आलीं. म्हणून त्यांचा परस्परांशीं दृढ संबंध दिसतो. पण म्हणून त्यांच्या मुळाशीं एकच कांहीं तत्त्व आहे असें कोणी म्हणेल काय?

उदाहरण मार्मिक आहे, तथापि तें थोडें जास्तच मार्मिक आहे. कासवाचा व आकाशगंगांचा संबंध केवळ काळामुळें आला हें आपणांस बाहेरच्या ज्ञानावरून कळतें. गणित व संस्कृत यांच्याविषयीं तसें बाहेरचें ज्ञान नसतांना संबंध तितकाच पोकळ आहे असें गृहीत धरणें न्याय्य नव्हे. एकाच आंकड्यांचीं दोन प्रतिमानें होऊं शकतात एवढ्यावरून दोन्हीं खोटीं ठरत नाहींत. इतकेंच ठरतें कीं त्यांच्यांत निवड करण्यास निराळ्या जातीचा पुरावा हवा. जॉन कॅरल या मानसशास्त्रज्ञानें १९९५ सालीं या ग्रंथावर लिहितांना तक्रार केली कीं, गूल्ड यांची या गणिताची ओळख जुन्या पिढीपाशींच थांबली आहे. ती तक्रार निराधार नाहीं. तरीपण ज्या मुद्द्यासाठीं गूल्ड लढत होते तो तिनें ढळत नाहीं. नांव दिलें कीं वस्तु झाली, आणि आंकडा लागला कीं ती जन्मजात ठरली, या दोन्ही उड्या गणितांत नाहींत. त्या मारणारानें मारल्या. परीक्षेच्या निकालपत्रावर शेंकड्याचा आंकडा दोन दशांशांपर्यंत छापणारे आपण लोक या प्रकरणाचे खरे अधिकारी वाचक आहोंत. मराठीच्या निबंधाचे गुण व रसायनशास्त्राचे गुण मिळवून जी बेरीज होते ती कशाची बेरीज, हें आम्हीं कोणत्याहि परीक्षामंडळाच्या बैठकींत विचारलेलें ऐकलें नाहीं.

सिरिल बर्टची कथा याच प्रकरणाला जोडून येते. निरनिराळ्या घरीं वाढलेल्या जुळ्या भावंडांच्या बुद्धीचा सहसंबंध त्यानें १९५५ सालीं एकवीस जोड्यांवरून ०.७७१ असा दिला. पुढें तीसांहून अधिक जोड्यांवरून तोच. १९६६ सालीं त्रेपन्न जोड्यांवरूनहि तोच, तिसऱ्या दशांशापर्यंत तोच. लिऑन केमिन यानें १९७४ सालीं ही गोष्ट उजेडांत आणीपर्यंत ती सर्वांच्या डोळ्यांसमोर छापलेली होती. पुढें बर्टची बाजू घेणारेहि कांहीं निघाले. पण येथें मॉर्टन व बर्ट यांतील भेद पाहण्यासारखा आहे, आणि गूल्ड यांनीं त्यास पुरेसें महत्त्व दिलें नाहीं असें आम्हांस वाटतें. बर्टच्या मृत्यूनंतर त्याचीं कागदपत्रें जाळलीं गेलीं. त्याचा निवाडा कायमचा अर्धवट राहिला. मॉर्टननें कवट्या ठेवल्या, एकेकीचें माप छापलें. म्हणून दीडशें वर्षांनीं गूल्ड त्यास पकडूं शकले, आणि म्हणूनच पुढें दुसरे गूल्ड यांस पकडूं शकले. विश्वसनीय मोजणी ही निर्मळ मनाच्या माणसानें केलेली मोजणी नव्हे. जिची दुसऱ्यास तपासणी करतां येईल अशी ती मोजणी.

या दृष्टीनें आपल्या देशांतील इतिहास फार बोधप्रद आहे. गूल्ड यांचा रोख पाश्चात्य देशांवर असल्यामुळें तो या ग्रंथांत सांपडणार नाहीं. १९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनीं नाकाची रुंदी व लांबी यांचें प्रमाण काढून असा सिद्धांत मांडला कीं, जातींची सामाजिक उंची नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणांत असते. डॉ. घुर्ये यांनीं १९३२ सालच्या आपल्या जातिविषयक ग्रंथांत याच जातीचीं उपलब्ध मापें प्रांतवार लावून पाहिलीं, आणि उत्तर हिंदुस्थानाबाहेर हा सिद्धांत लागू पडत नाहीं असें दाखविलें. १९४८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथांत घुर्ये यांचीं कोष्टकें घेऊन, ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात असा निष्कर्ष काढला. त्यांच्या वाक्याची ठेवण वाचकांनीं मुद्दाम पाहावी : मानवमिति हें विसंबून राहण्याजोगें शास्त्र असेल तर, अशा अटीवर तें वाक्य उभें आहे. प्रतिपक्षाचें माप प्रतिपक्षाच्याच पदरांत घालावें, पण तें माप आपलें म्हणून स्वीकारूं नये, ही सावधगिरी गूल्ड यांस मॉर्टनच्या सरासऱ्या दुरुस्त करतांना साधली नाहीं.

प्रो. महालनोबीस यांनींहि १९३३ सालीं रिस्ले यांच्या आंकड्यांची फेरतपासणी केली. परंतु त्यांचें याहून मोठें कार्य निराळें. बंगालमधील तागाच्या पिकाची पाहणी करतांना त्यांनीं एकाच प्रदेशांत दोन स्वतंत्र तुकड्या पाठवून दोन स्वतंत्र नमुने घेण्याची पद्धति पाडली. दोघींच्या उत्तरांतील अंतर हेंच मोजणारांच्या दोषाचें माप. मोजणाराच्या मनांत काय चालतें याविषयीं तर्क करीत बसण्यापेक्षां हा मार्ग किती सरळ! गूल्ड यांच्या साडेतीनशेंहून अधिक पृष्ठांत रोगाचें वर्णन पुष्कळ आहे. अशा औषधाचा विचार फार थोडा.

आणि इरावतीबाई कर्वे. १९३० च्या सुमारास त्या बर्लिनमध्यें ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं डॉक्टरेटचें काम करीत होत्या. हे फिशर पुढें नाझी वंशनीतीचे पाठीराखे व १९३३ सालीं बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरु झाले. गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू अधिक असमान असतात आणि तें त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचें लक्षण, अशी गुरूची अटकळ. शिष्येनें एकशें एकूणपन्नास कवट्या मोजल्या व वंशाचा या असमानतेशीं संबंध दिसत नाहीं असें गुरूपुढें लिहून ठेवलें. परदेशांत, परभाषेंत, पदवी ज्याच्या हातीं त्याच्या मताविरुद्ध. पुढें त्यांनीं वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रांतील जातींचीं मापें घेतलीं तीं १९५१ सालीं प्रसिद्ध झालीं. एका नांवाखालीं मोडणाऱ्या जाती शरीरानें परस्परांस जवळ असतातच असें नाहीं, हा त्यांच्या संशोधनांतील विचार जातीविषयींच्या पुष्कळ लोकप्रिय समजांस धक्का देणारा होता. मात्र येथेंहि एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. उत्तर कितीहि प्रामाणिक असलें तरी प्रश्न जातीचाच राहिला. मोजपट्टी लावण्यापूर्वी माणसाची जात विचारली जात होती. हात निर्दोष, निवड काळजीपूर्वक, आणि तरीहि मोजावयाच्या घटकाचें नांव आधींच ठरलेलें. गूल्ड यांच्या उत्तरार्धांतील मुद्दा इतका बारीक आहे कीं तो सज्जनांनाहि लागू पडतो.

भाषेविषयीं दोन शब्द. गूल्ड यांचें इंग्रजी प्रवाही, विनोदी व आत्मविश्वासानें भरलेलें आहे. ते कठिण गणित बाणांच्या आकृत्यांनीं समजावून देतात तें कौशल्य आपल्याकडील शास्त्रीय लेखकांनीं अभ्यासावें असें आहे. परंतु वकिलाचा आवेश त्यांस सुटत नाहीं. प्रतिपक्षाचें उत्तम म्हणणें ते क्वचितच मांडतात. १९९६ च्या आवृत्तींत ‘द बेल कर्व्ह’ या १९९४ सालच्या ग्रंथावरील टीका जोडली आहे, तींत हा आवेश आणखी चढला आहे. त्याच आवृत्तींत मॉर्टनच्या प्रकरणाचा पुनर्विचार करण्याची उत्तम संधि होती. जॉन मायकेल या विद्यार्थ्यानें १९८८ सालींच कांहीं कवट्या पुन्हा मोजून मॉर्टनचीं मापें बहुतांशीं ठीक आहेत असें प्रसिद्ध केलें होतें. तरी अंगठा होता तेथेंच राहिला.

हा ग्रंथ वर्गांत लावावयाचा असेल तर आमची सूचना अशी कीं, प्रथम बीने व स्पिअरमन यांचीं प्रकरणें वाचावीं, आणि मॉर्टनचें प्रकरण शेवटीं, २०११ व २०१८ चे लेख हातांशीं ठेवून वाचावें. पुन्हा मोजून पाहूं म्हणणारास मात्र यापुढें सर्व कवट्या मिळणार नाहींत. ज्या संग्रहालयाकडे त्या होत्या त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयानें २०२१ सालीं या संग्रहाबद्दल जाहीर क्षमा मागितली, आणि २०२४ सालीं फिलाडेल्फियांतील एकोणीस काळ्या माणसांच्या कवट्यांचें दफन केलें. त्यांच्यापुरता मॉर्टनचे आंकडे तपासण्याचा मार्ग आतां बंद झाला आहे, आणि तो बंद झाला हें योग्यच झालें असें आम्हांस वाटतें.